सदतीस खुंट्या

इलेक्शन लागलं की बंदुका यायच्या जिंतूर ठाण्यात.
सायकलच्या दांडीला बांधून, घोंगडीत गुंडाळून,
एक तर दुधाच्या जीपमधून, कॅनच्या मधोमध उभी.
मी पावत्या फाडायचो.
नाव, गाव, परवाना, नळी एक की दोन,
दस्त्याला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी.
मुद्देमालाच्या खोलीत सदतीस खुंट्या.
एकोणनव्वदला सगळ्या भरल्या,
वरच्या तीन मी कॉटखाली घेऊन झोपलो.

माणसं चेहऱ्याने लक्षात राहिली नाहीत.
दगडूजी घुगे म्हणजे ठासणीची,
गजाला लुगड्याची चिंधी,
म्हशीच्या शिंगात बारूद, शिंगाला बाभळीचं बूच.
टोप्या जर्द्याच्या डबीत.
"मोजून घ्या साहेब, अकरा हायत.
आता कुठंच मिळंना गेल्यात."
महिन्यानं परत नेताना
ठाण्याच्या पायरीवर बसून त्यांनी पुन्हा मोजल्या.

मोईजोद्दीन इनामदार म्हणजे दुनळी, बाहेरच्या घोड्यांची.
डावा घोडा मूळचा नव्हे,
नांगराच्या फाळाचा तुकडा घासून बसवलेला.
ते काम रज्जाक मिस्त्रीचं, परभणीच्या.
त्याच्या ओट्यावर पितळी काडतुसं
धुतलेल्या कपांसारखी पालथी असायची.
बारूद, चकती, नमदा, छर्रे,
परत चकती, वर मेणाचा थेंब.
चकत्या तो जुन्या लग्नपत्रिकांच्या पाडायचा.
एक माझ्या हाती आली होती,
तिच्यावर फक्त "चि. सौ. कां."
पुढचं नाव कुठल्या तरी रानात उडालेलं.

कागदी काडतुसं श्रावणात फुगायची,
नळीत शिरायची नाहीत.
लोक ती ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवायचे.
जमा करायला आणली की
त्यांना कोंडा चिकटलेला असे.
पंचनाम्यात कोंडा लिहायला रकाना नव्हता.
पुढं प्लास्टिकची आली, लाल.
पुढं तीही येईनात.

घरी, रिकाम्या बारा बोअरमध्ये बायको सुया ठेवायची.
पोरगं सुया ओतून टाकायचं
आणि काठ ओठाला लावून शिट्टी फुंकायचं,
मग मार खायचं.

सगळं काही गोड नव्हतं.
एका पोराची दोन बोटं असल्याच टोपीनं नेली.
ती बंदूक खुंटीवर नाही टांगली,
तिच्या चिठ्ठीवर "पुरावा" लिहिलं
आणि केस संपेपर्यंत त्या कोपऱ्यात झाडू मारला नाही.
माझी स्वतःची गोळी
उभ्या नोकरीत सरावाच्या बांधापलीकडं गेली नाही.
आमच्या थ्री-नॉट-थ्री नेल्या त्या दिवशी
ट्रकवाल्यानं त्या सरपणासारख्या रचल्या.
दस्त्याला गालाची जागा असते,
हजार गालांनी गुळगुळीत केलेली.
ती कुणीच बघितली नाही. मी बघितली,
आणि चलनावर सही केली.

आता रिटायर आहे.
तरी नवा हवालदार फोन करतो,
"काका, ठासणीची नोंद कशी घ्यायची?"
परवाच्या इलेक्शनला गेलो. चार बंदुका.
बाकीच्या खुंट्यांना हेल्मेटं, रेनकोट,
एकीला कुणाचा तरी जेवणाचा डबा.

इनामदारांची नात आली होती, फरहीन,
परभणीला औषधाच्या दुकानात असते.
कायमची जमा करायची म्हणाली.
वारसाच्या रकान्यात हवालदारानं रेघ ओढली.
"काका, ह्यानं कधी काही मारलं का?"
"एक रानडुक्कर, माझ्या माहितीत.
तेही लंगडत निघून गेलं."
तिनं खटका दाबला, बंदूक दुमडली,
कुणी शिकवलं असेल कोण जाणे,
आणि खिडकीकडं धरून दोन्ही नळ्यांतून बघत राहिली.
"बाहेरून एवढी गंजली," ती म्हणाली,
"आतून नवीच आहे की."

मग पर्स उघडली.
"हे पण लिहा."
एक काडतूस. कागदी. फुगलेलं.
मी चष्मा पुसला, नंबर शोधला, सापडला नाही.
खालच्या कडेला
ज्वारीचा कोंडा होता.